चोर काय बाई बघून हळू पळतो?

माजी रेडर
रविवार, दुपारी ३:१०

आमच्या तालुक्याच्या मैदानावर संध्याकाळी पोलीस भरतीवाली पोरंपोरी सरावाला येतात. बाजूच्या कोपऱ्यात माझ्या कबड्डीच्या मुली असतात. परवा पाणी प्यायला सगळे एकत्र टेकले आणि जुंपली. भरतीत मुलांना १६०० मीटर पळायचं, मुलींना ८००. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. दोन वेळा थोडक्या गुणांनी हुकलेला एक पोरगा तणतणला, "चोर काय बाई बघून हळू पळतो का?" हशा पिकला. मुलीही हसल्या. मग त्यांतलीच एक मला म्हणाली, "मॅडम, समान म्हणतो ना आपण? मग आम्हालाही १६०० द्या म्हणावं."

मी तिला तिथे काही बोलले नाही. दोन दिवस ते डोक्यात घोळतंय, म्हणून इथे मोकळी होते. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

मी स्त्रीवादी आहे. आणि बाईच्या नि पुरुषाच्या शरीरात फरक असतो, चांगला मोठा असतो, असंही मी मानते. ही दोन वाक्यं एका दमात म्हटली की दोन्ही बाजूंचे लोक माझ्याकडे संशयाने बघतात. महिला दिनाला आमच्याकडे आलेल्या एक पाहुण्या म्हणाल्या की मुलीच्या हातात बाहुली न देता बॅट दिली असती तर काहीच फरक उरला नसता. मी मनात म्हटलं, बाई, माझ्या हातात कधीच बाहुली नव्हती, मी वयाच्या आठव्या वर्षापासून मातीत लोळतेय, तरी माझ्या धाकट्या भावाने सोळाव्या वर्षी माझं मनगट धरलं की मला सुटता यायचं नाही.

दहा-अकरा वर्षांची असताना मुली मुलांना सहज बाद करतात. माझ्याकडे रोज होतं हे. तेराव्या-चौदाव्या वर्षी टेस्टोस्टेरॉन कामाला लागतं आणि दोन वर्षांत तेच पोरगं असं भरतं की त्याच मुलींची साखळी तोडून निघून जातं. फरक सगळ्यात जास्त खांद्यात, दंडात, पकडीत. पायांत त्या मानाने कमी. शंभर मीटरचा पुरुषांचा विश्वविक्रम ९.५८ सेकंद, बायकांचा १०.४९, आणि हा बायकांचा १९८८ पासून कुणाला मोडता आलेला नाही. एवढ्या वर्षांत बूट बदलले, ट्रॅक बदलले, खाणंपिणं बदललं. दरी तशीच.

फरक नाही असं मानण्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. आमचे तेव्हाचे कोच भला माणूस. मुलामुलींत भेद करायचा नाही हा त्यांचा बाणा. मुलांच्या त्याच उड्या, तेच वजन, तोच वॉर्मअप. मुलींच्या गुडघ्याचं आतलं लिगामेंट, ज्याला एसीएल म्हणतात, ते मुलांपेक्षा लवकर फाटतं, त्यासाठी मांडीच्या मागच्या स्नायूंचा आणि उडीवरून खाली उतरण्याचा वेगळा सराव घ्यावा लागतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. माझा डावा गुडघा चोविसाव्या वर्षी गेला. भेदभाव न केल्यामुळे गेला म्हणा हवं तर.

खेळाने हा फरक कधीच मान्य केलाय. आम्ही खेळायचो तेव्हा पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, आमचं १२ बाय ८. त्यांचा डाव २० मिनिटांचा, आमचा १५. व्हॉलीबॉलचं जाळं पुरुषांना २.४३ मीटरवर, बायकांना २.२४. बायकांच्या क्रिकेटचा चेंडू वजनाला हलका, सीमारेषा जवळ. पण २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या पोरींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक उचलला, तेव्हा चेंडू तराजूत घालायला कुणी गेलं नाही. आमच्या गल्लीत फटाके वाजले.

आता दुसरी बाजू. हाच फरक भलत्या कामाला जुंपला जातो. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा ८०० मीटर धावल्या. शर्यत संपल्यावर काही जणी दमून खाली बसल्या, आडव्या झाल्या. पुरुषही होतात. पण वर्तमानपत्रांनी असा गहजब केला की बायकांची ८०० मीटर ऑलिंपिकमधून काढून टाकली, ती थेट १९६० मध्ये परत आली. मॅरेथॉन बायकांना मिळाली १९८४ मध्ये. आपल्या माणदेशातली ललिता बाबर २०१६ ला रिओमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी पळाली, तीही शर्यत बायकांसाठी ऑलिंपिकमध्ये आली २००८ ला. म्हणजे ज्या ८०० मीटरवर आज ती पोरगी नाक मुरडते आहे, ते अंतर बायकांच्या गर्भाशयाला झेपणार नाही असं शहाणीसुरती माणसं एकेकाळी छातीठोक सांगत होती.

आणि सगळंच बायॉलॉजीच्या खात्यात घालू नका. माझ्याकडे येणाऱ्या मुलींचं रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठ, साडेआठ, नऊ. पळताना धापा टाकतात. पालक म्हणतात, "मुलीची जात, दमणारच." बाईचं हिमोग्लोबिन पुरुषापेक्षा एखाद्या अंकाने कमी असतं हे शरीर झालं. पण त्याच्या खाली आणखी तीन-चार अंक उतरतात ते ताटातून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयाच्या निघाल्या, पुरुष २५ टक्के. घरात अंडी आणली तर पहिलं कुणाच्या ताटात पडतं ते आठवून बघा. मी हल्ली नव्या मुलीला आधी दोन महिने गूळ-शेंगदाणे आणि डॉक्टरच्या गोळ्या चालू करते, वेळ नंतर लावते. सहा महिन्यांत निम्मं "बायॉलॉजी" गायब होतं. उरलेलं निम्मं राहतं, आणि त्याचा मला काही कमीपणा वाटत नाही.

माझं निरीक्षण एवढंच आहे. बाईचं शरीर नाजूक आहे ही आठवण लोकांना नेमकी कधी होते ते बघत चला. वर्दी, बरी खुर्ची, बरा पगार आला की होते. हंडा, सरपण, भातलावणी, वीटभट्टी इथे कुणाला होत नाही. कारखान्यात बायकांना रात्रपाळी नको असा कायदा १९४८ पासून होता, नर्सला मात्र रात्रपाळीशिवाय नोकरीच नव्हती.

त्या मुलीला काय सांगू? मला स्वतःला ८०० च बरोबर वाटतं. पण तो पोरगाही अगदीच चुकीचं बोलत नाहीये असंही वाटतं. बोला.

खवचट खानावळ
रविवार, दुपारी ३:२२

जागा पकडून ठेवतोय. भाजके शेंगदाणे घेऊन बसलो आहे. गूळ नाही.

निळा पेन
रविवार, दुपारी ४:०५

ताई, खेळाबद्दल पूर्ण सहमत. पण एकदा फरक मान्य केलात की गळ्याखाली थांबून चालत नाही. मेंदूही शरीराचाच भाग आहे. मुलांना वस्तूंत रस, मुलींना माणसांत, असं सरासरीने दिसतं हे बोलायची चोरी झाली आहे. २०१७ मध्ये जेम्स डॅमोर नावाच्या इंजिनिअरने गूगलमध्ये हेच लिहिलं तर त्याला कामावरून काढलं. मी हिंजवडीत पंधरा वर्षं आहे. आमच्या टीममध्ये टेस्टिंगला मुली भरपूर, आर्किटेक्ट म्हणून एकही नाही. कुणी अडवलंय?

दुसरं, खेळातल्या पैशाचं. विंबल्डनमध्ये २००७ पासून बक्षीस सारखं आहे, पण पुरुष पाच सेटची मॅच खेळतात आणि बायका तीनच्या. फरक मान्य, मैदान वेगळं मान्य, मग चेक तेवढा सारखा का?

शून्य एक
रविवार, सायं. ५:४०

@निळा पेन, तुमच्याच क्षेत्रातली आहे म्हणून लिहिते. एनिॲक या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक कम्प्युटरवर १९४६ साली प्रोग्रॅमिंग केलं ते सहा बायकांनी. तेव्हा ते कारकुनी काम समजलं जायचं, म्हणून बायकांना दिलं. पुढे त्यात पैसा आणि मान आला आणि ते पुरुषांच्या मेंदूला जास्त मानवायला लागलं. अमेरिकेत १९८४ मध्ये कम्प्युटर सायन्सच्या पदवीधरांत ३७ टक्के मुली होत्या, नंतर घसरत घसरत त्या पाचात एकीवर आल्या. तीस वर्षांत अमेरिकन बाईचा मेंदू उत्क्रांत होऊन वस्तूंचा कंटाळा यायला लागला म्हणायचं का? आणि आपल्याकडच्या कॉलेजांत कम्प्युटरच्या वर्गात मुलींची संख्या अमेरिकेपेक्षा कितीतरी जास्त असते. पुण्यातल्या मुलीचा मेंदू वेगळ्या कारखान्यात बनतो का?

सरासरीत थोडाफार फरक असेलही, मला त्याची भीती वाटत नाही. पण "कुणी अडवलंय" याचं उत्तर देते. आर्किटेक्ट होण्याच्या वयात, बत्तीस-तेहतीसला, मला मुलाखतीत विचारलं गेलं, "फॅमिली प्लॅनिंग काय आहे?" माझ्या नवऱ्याला त्याच महिन्यात दुसऱ्या कंपनीत विचारलं, "नोटीस पिरियड किती आहे?"

तीन सेटचं म्हणाल तर पाच खेळू द्या म्हणून बायका कधीच तयार आहेत. आणि पैसे सेटवर मोजायचे तर लांबण लावणाऱ्या गायकाला जास्त बिदागी द्यावी लागेल.

तिरपागडा
रविवार, सायं. ६:१५

छान चाललंय. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट. हे कुठलं बायॉलॉजी? बायकांचं बूड सीटवर अर्धीच जागा घेतं का?

लढाईत मरायला पुरुष, गटारात उतरायला पुरुष, सरासरीने लवकर वर जायचा तोही पुरुषच. तिथे समानता मागायला कुणी येत नाही.

खवचट खानावळ
रविवार, सायं. ६:१८

तिरपागडा आले. आता धागा शंभरी गाठणार.

रात्रपाळीची डॉक्टर
रविवार, रात्री ११:५०

आयडीवरून पाळी कळली असेलच. ताईंच्या गुडघ्याची गोष्ट औषधांच्या दुनियेत फार मोठ्या प्रमाणावर घडलेली आहे.

झोल्पिडेम नावाची झोपेची गोळी आहे. बाई असो की बुवा, डोस एकच, १० मिलिग्रॅम. बरीच वर्षं तशी दिली जात होती. बायकांच्या शरीरातून ती हळू बाहेर पडते, सकाळी गाडी चालवताना रक्तात अजून झिंग शिल्लक असते, हे लक्षात घेऊन अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, एफडीएने, जानेवारी २०१३ मध्ये बायकांसाठीचा डोस निम्मा केला, ५ मिलिग्रॅम. इतका उशीर का झाला? थॅलिडोमाइड हे औषध गरोदर बायकांना दिल्यामुळे व्यंग असलेली मुलं जन्मल्यानंतर सगळे हादरले होते. १९७७ मध्ये तिथे असं ठरलं की मूल होऊ शकेल अशा वयाच्या बाईला औषधाच्या सुरुवातीच्या चाचण्यांत घ्यायचंच नाही. हेतू बायकांना जपायचा होता. परिणाम असा की औषध तपासलं पुरुषांवर आणि दिलं बायकांना. ती बंदी १९९३ मध्ये उठली.

माझ्या कॅज्युअल्टीत आठवड्याला एक तरी बाई येते जिला घरच्यांनी दोन दिवस पित्ताचं औषध दिलेलं असतं. हार्ट अटॅक आलेल्या बाईच्याही छातीत दुखतंच बहुतेक वेळा, पण त्यासोबत मळमळ, धाप, जबडा किंवा पाठ दुखणं, नुसताच गळून गेल्यासारखं वाटणं हे पुरुषांपेक्षा जास्त दिसतं. सिनेमात हृदयविकार म्हणजे पुरुषाने छाती धरून कोसळणं, आणि लोक त्याचीच वाट बघत बसतात.

तेव्हा "फरक नाही" असं म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणींना मी सांगते, असं म्हणू नका, बायका मरतील. आणि "फरक आहे" म्हणणाऱ्या मेंदूवाल्यांना सांगते, ज्यांना फरकाचा एवढा पुळका आहे त्यांनी आधी आईचा ईसीजी काढून आणा.

सुमाकाकू
सोमवार, सकाळी ७:३०

मी एकाहत्तर वर्षांची आहे, टायपायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन महिन्यांनी एक निरोप फिरतो. पूर्वजांनी बाईच्या शरीराचा विचार करून तिला चार दिवस विश्रांती मिळावी म्हणून कावळा शिवायची पद्धत ठेवली होती म्हणे. मी त्या पद्धतीत वाढले आहे. बाहेरची बसले की स्वयंपाकघर बंद, देवघर बंद. गोठा चालू. धुण्याचा ढीग चालू. गोवऱ्या थापणं चालू. परड्यातलं तण काढणं तर मुद्दाम त्या चार दिवसांसाठी राखून ठेवलेलं असायचं, "बसून काय करणार आहेस" म्हणून. निजायला पोतं, थंडी असो वा नसो. विश्रांती मिळाली ती सासूबाईंना, माझ्याशी चार दिवस बोलावं लागायचं नाही.

आता म्हणे कर्नाटकात बायकांना पाळीची महिन्याला एक दिवस पगारी रजा दिली. बिहारमध्ये तर सरकारी नोकरीतल्या बायकांना १९९२ पासून दोन दिवस आहे, हे मला नातीने सांगितलं. नात म्हणते, आजी, रजा घेतली तर साहेब पुढच्या वेळी मुलगाच घेतील. सून म्हणते, पोटात कळा येत असताना स्क्रीनकडे बघून दाखव. दोघी भांडत होत्या, मी चहा टाकला. मला दोघींचं पटलं.

भोसरीचा लेथवाला
सोमवार, सकाळी १०:०५

काकूंच्या नातीचे ते साहेब म्हणजे मी समजा. नावाशिवाय लिहितोय म्हणून खरं लिहितो.

बावीस माणसांचं वर्कशॉप आहे. बाळंतपणाची रजा २०१७ मध्ये १२ आठवड्यांवरून २६ झाली. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या सगळ्यांना लागू. पगार द्यायचा मालकाने. ज्यांचा पगार २१ हजारांच्या आत आहे त्यांचं ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) बघतं, पण माझी अकाउंट्सवाली त्याच्या वर होती. तिला सहा महिने पूर्ण पगार दिला, तिच्या जागी आलेल्या मुलाला वेगळा दिला. ती हुशार होती, परत आली, आजही आहे. पण पुढच्या वेळी खरेदी विभागाला माणूस घ्यायचा होता तेव्हा समोर एक नवविवाहित मुलगी आणि एक मुलगा होता. मी मुलगा घेतला. मुलगी जास्त तयारीची होती. तेव्हा मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही, धंदा आहे.

सरकारने कायदा केला, टाळ्या घेतल्या, बिल मला पाठवलं. मी ते त्या मुलीला पाठवलं.

उत्तरेचा वारा
सोमवार, दुपारी २:४५

लेथवाले, तुमचं शेवटचं वाक्य फार खरं आहे. मी नऊ वर्षं स्टॉकहोममध्ये आहे. इथे मूल झालं की आईबापांना मिळून ४८० दिवस. त्यातले ९० आईचेच, ९० बापाचेच, घेतले नाहीत तर जातात. भत्ता सरकारी विम्यातून येतो, त्यासाठी सगळेच मालक पगाराच्या प्रमाणात वर्गणी भरतात, मग त्यांच्याकडे बाया असोत की बापे. त्यामुळे बाई ठेवली म्हणून एखाद्या मालकाच्या डोक्यावर वेगळा बोजा पडत नाही. आणि बत्तीस वर्षांचा पुरुषही तितकाच "धोक्याचा" असतो, कारण तोही जाणार. बापाला रजा देणं त्यांनी १९७४ मध्ये सुरू केलं.

मी सहा महिने घरी होतो. मूल जन्माला घालणं आणि पाजणं बायकोच्या शरीराने केलं, ते मी करू शकत नव्हतो. ढेकर काढणं, दुपटी, रात्रीच्या फेऱ्या यांत कुठलंही बायॉलॉजी आडवं आलं नाही. आईने पुण्याहून फोन करून हळू आवाजात विचारलं होतं, "नोकरी गेली का रे? सांग खरं."

अवांतर: इथेही सगळं आलबेल नाही. दिवस जास्त आयाच घेतात, नर्सिंगमध्ये बायका आणि बांधकामात पुरुष हे चित्र इथेही आहे. निळा पेन यांना हा मुद्दा फुकट देतो.

निळा पेन
सोमवार, दुपारी ३:१०

घेतला. धन्यवाद. @शून्य एक, १९८४ चा आकडा मला माहीत नव्हता. विचार करतोय. पूर्ण पटलं नाही, पण विचार करतोय.

गोदाकाठ
सोमवार, रात्री ९:२०

मी सहसा वाचतो, लिहीत नाही. बीड जिल्ह्यातला आहे, आता शिक्षक आहे. आईवडील ऊसतोडीला जायचे, मी साखरशाळेत, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शाळेत, शिकलो.

तुम्ही सगळे समानता कुठे आहे ते शोधताय. फडात या. तिथे शंभर टक्के आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मुकादम कोयत्यावर देतो. एकटा गडी असेल तर तो अर्धा कोयता. म्हणजे हिशेबात बाई पुरुषाच्या बरोबरीची, निम्म्याला निम्मी. फक्त पैसे मोजून नवऱ्याच्या हातात देतात.

आई पहाटे उठून कोपीवर, म्हणजे झोपडीवर, भाकरी थापायची, मग दोघं फडात. वडील तोडायचे, आई पाचट काढायची, वाढ्याने मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीला लावायची. ट्रक असला तर फळीवरून वर चढायचं, फळी दवाने ओली असते. बाईची म्हणून मोळी लहान बांधत नाहीत. कारखान्याच्या गेटच्या आत बाईने किती वजन उचलायचं याची मर्यादा कायद्याने वेगळी ठरवता येते. ऊस गेटच्या बाहेर असतो.

काम चुकलं तर खाडा, खाड्याला दंड. पाळी आली, अंगावरून जातंय, खाडा तो खाडाच. कोपीला ना मोरी ना संडास. मग कुणीतरी डॉक्टर सांगतो, गर्भाची पिशवी काढून टाक, कटकट मिटेल, नाहीतर कॅन्सर होईल. माझ्या मावशीची तिशीच्या आत काढली. २०१९ मध्ये बातम्या आल्या तेव्हा सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. मावशीची कंबर आता पस्तिशीतच म्हातारीसारखी झाली आहे, हाडं ठिसूळ झाली म्हणतात. उचल तेवढीच आहे.

ताई, तुमच्या मुलींचा गोळा ४ किलोचा आहे हे वाचून बरं वाटलं.

रात्रपाळीची डॉक्टर
सोमवार, रात्री ११:३०

गोदाकाठ, मावशींना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी करायला जिल्हा रुग्णालयात घेऊन जा, तरुणपणी गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली असतील तर हाडांची झीज फार लवकर सुरू होते. जुने कागद असतील तर त्यात काय काय काढलं ते लिहिलेलं असेल. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

तिरपागडा
मंगळवार, सकाळी ८:४०

वरचं वाचून काल रात्री उत्तर लिहिलं नाही. एसटीचा मुद्दा मात्र मागे घेत नाही.

माजी रेडर
मंगळवार, रात्री ९:५५

सगळ्यांचे आभार. गोदाकाठ, तुमचा प्रतिसाद मी मैदानावर पोरापोरींना वाचून दाखवला. "चोर" म्हणणारा पोरगा काही बोलला नाही. त्याची आईपण जायची म्हणे, सांगली भागात.

@तिरपागडा, एसटीचं अर्धं तिकीट हे बायॉलॉजी नाही, बरोबर. ते मतांचं गणित असेल, किंवा बायकांच्या हातात रोख कमी असते म्हणून असेल. त्याला शरीराचा आधार देऊ नये, इतपत तुमच्याशी सहमत. माझ्या मुली मात्र त्यामुळे बाहेरगावच्या स्पर्धांना जायला लागल्या हेही खरं. लढाईत मरायचं म्हणता, तर खडकवासल्याला एनडीएत मुली २०२२ पासून आहेत, मे २०२५ ला १७ जणींची पहिली तुकडी बाहेर पडली. तिथे जायला सुप्रीम कोर्टाची पायरी चढावी लागली, बोलवायला कुणी आलं नव्हतं. गटारात तर कुणीच उतरू नये, त्यात समानता कशाला हवी?

८०० मीटरचं माझं असं ठरलंय. पोलीस शिपायाचा बहुतेक दिवस बंदोबस्त, पंचनामा, ठाण्यात आलेल्या बाईची तक्रार लिहून घेणं यात जातो. पळण्याची चाचणी ही उमेदवार धडधाकट आहे का, मेहनत घेतली आहे का हे बघायला असते. तेवढ्यासाठी मुलीला मुलीच्या पट्टीने मोजलं तर काही बिघडत नाही. चोराचं म्हणाल तर भरतीनंतर दहा वर्षांनी कुठल्या साहेबाच्या पोटाकडे बघून चोर थांबतो ते मला दाखवा.

पण जिथे कामच वजनाचं आहे तिथे मी सवलत मागणार नाही. आगीतून बेशुद्ध माणूस खांद्यावर काढायचा तर तो माणूस बाई आली म्हणून हलका होत नाही. तिथे एकच चाचणी, सगळ्यांना. नागपूरच्या हर्षिनी कान्हेकर २००२ मध्ये तिथल्याच अग्निशमन महाविद्यालयात शिकायला गेल्या, देशातल्या पहिल्या महिला अग्निशामक. अशा थोड्याच निघतील, निघू देत. शंभरात चार मुली पास झाल्या तर चार घ्या, पण दारावर "मुलींनी अर्ज करू नये" लिहू नका. यावर माझ्याच मैत्रिणी चिडतील, चिडू देत.

@निळा पेन, चेकचं. माझ्या वेळी मुलांच्या संघाला ट्रॅकसूट, आम्हाला त्यांचे मागच्या वर्षीचे. मी तेव्हा सेट मोजायच्या मनःस्थितीत नव्हते.

खवचट खानावळ
मंगळवार, रात्री १०:०२

गूळ आणला.

भोसरीचा लेथवाला
बुधवार, सकाळी ९:३०

एक कामाचं विचारतो. आयटीआयची एक मुलगी टर्नर म्हणून अर्ज घेऊन आली आहे. हात चांगला आहे, ट्रायल जॉब दिला तर मापात काढला. अडचण अशी की मोठ्या लेथचा चक (जॉब पकडणारा जबडा) बदलताना साठ-सत्तर किलो उचलावं लागतं. दोन पोरं मिळून उचलतात. ती उचलेल असं वाटत नाही, आणि ताईंच्याच नियमाने इथे काम वजनाचं आहे. काय करू?

माजी रेडर
बुधवार, सकाळी ११:१५

तुमची दोन पोरं किती वर्षं उचलताहेत? त्यांच्या कमरा कशा आहेत? आणि चक दिवसातून किती वेळा बदलता?

भोसरीचा लेथवाला
बुधवार, दुपारी १:५०

आठवड्यातून दोनदा. एकाला पट्टा लागलाय, दुसरा गेल्या वर्षी महिनाभर घरी होता.

वजन उचलायची चेनकप्पी बसवायला गॅन्ट्रीवाल्याला बोलावलंय, उद्या माप घ्यायला येतो.